नवीन लायसन, जुनी गाडी: नाशिकमध्ये परवडेल असा कार इन्शुरन्स कसा निवडावा?

सिडकोकर_२३

नमस्कार मंडळी. वय २३, अंबड एमआयडीसीत नोकरी, राहायला सिडकोत. चारचाकीचं लायसन मागच्या वर्षी निघालं, पण रोजचा वापर बाइकचाच. आता ओळखीच्या एका काकांची २०१९ ची वॅगनआर घ्यायचं जवळजवळ ठरलंय. एमएच १५ म्हणजे नाशिक पासिंग, पेट्रोल, १.२ चं इंजिन. गाडीची किंमत जमतेय, घोडं अडलंय ते इन्शुरन्सवर. शोरूममध्ये काम करणाऱ्या एका मित्राने १७,३०० चं कोटेशन दिलं. एका वेबसाइटवर तीच गाडी टाकली तर ६,२५० आले. आणि व्हॉट्सअॅपवर एक जण म्हणतोय, थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) अठराशेत करून देतो, फक्त आरसीचा फोटो पाठवा.

व्हिडिओ बघितले तर सगळीकडे एकच: पंचविशीच्या आतल्या ड्रायव्हरला प्रीमियम दुप्पट-तिप्पट, आई-वडिलांचं नाव पॉलिसीत दुसरा ड्रायव्हर म्हणून घाला, गाडीत ट्रॅकिंगचं यंत्र बसवा. हे आपल्याकडे चालतं का?

पप्पांचं म्हणणं, गाडी माझ्या नावावर घे, माझ्याकडे जुन्या गाडीचा बोनस पडून आहे. चुलते म्हणतात, सहा वर्षं जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स म्हणजे पैसे वाया, थर्ड पार्टी काढ आणि मोकळा हो. गाडी फक्त सुट्टीला निघेल. देवळ्याला गावी, त्र्यंबकला, कधीतरी कसारा उतरून मुंबईला. जाणकारांनी सांगावं.

पेठरोड

आधी तो व्हॉट्सअॅपवाला ब्लॉक कर, मग पुढचं वाच.

थर्ड पार्टीचा दर कंपनी ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकात खाजगी कारला १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ आहेत. वर १८ टक्के जीएसटी. तुझी १.२ म्हणजे ११९७ सीसी, म्हणजे ३,४१६ अधिक जीएसटी, ४,०३१ च्या आसपास. कुठल्याही कंपनीत जा, हा आकडा सारखाच. तो अठराशेत देतोय याचा अर्थ एकतर कागद बनावट आहे, नाहीतर तो तुझी गाडी दुचाकी म्हणून दाखवणार आहे. असे कागद घेऊन लोक माझ्याकडे येतात, पीडीएफ हुबेहूब खऱ्यासारखी असते. पॉलिसी निघाल्यावर एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून बघायचं. तिथे विम्याची मुदत आणि कंपनी दिसायला एक-दोन दिवस लागू शकतात, पण दिसलीच पाहिजे.

दुसरं, वयाचं. थर्ड पार्टीच्या दरात ड्रायव्हरच्या वयाचा रकानाच नाही. २३ चा असो की ६३ चा, पैसे तेवढेच. तेव्हा ती भीती मनातून काढून टाक.

गोदाकाठची

पेठरोड काकांना अनुमोदन. सिडकोकर, तू बघितलेले व्हिडिओ इंग्लंड-अमेरिकेतले असणार. तिकडे पॉलिसीत कोण कोण चालवणार त्यांची नावं लिहावी लागतात आणि पोरगं अठराचं झालं की प्रीमियम आभाळाला भिडतो. आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते. मालकाच्या परवानगीने, वैध लायसन असलेला कोणीही चालवू शकतो. नावं घालायची सोयच नाही, त्यामुळे पप्पांचं नाव दुसरा ड्रायव्हर म्हणून टाकून काही वाचत नाही.

वयाचा थोडा परिणाम होतो तो ओन डॅमेजच्या भागात, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी जे पैसे भरतो त्यात. २००७ पासून तो दर ठरवायची मोकळीक कंपन्यांना आहे. काही कंपन्या जन्मतारीख आणि व्यवसाय विचारतात आणि सूट त्यावर कमी-जास्त करतात, काही अजिबात बघत नाहीत. म्हणून तीन-चार ठिकाणी विचारायचं. पण तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, सगळीकडे सारखी ठेव, नाहीतर स्वस्त काय आणि अपुरं काय ते कळणारच नाही.

सातपूर_शिफ्ट

एमएच १५ चा फायदा होतो ना? माझा पुण्याचा भाऊ सांगत होता की त्याला जास्त लागतो.

पेठरोड

होतो, पण थोडा. जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे दरपत्रकात, मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि अहमदाबाद ही आठ शहरं झोन ए, बाकी सगळा देश झोन बी. नाशिक झोन बी मध्ये. पाच ते दहा वर्षं जुन्या आणि १,००० ते १,५०० सीसीच्या गाडीला झोन ए चा दर आयडीव्हीच्या ३.४४७ टक्के, झोन बी चा ३.३५१. चार लाखांच्या गाडीवर फरक पडतो ३८४ रुपये, तोही सूट देण्याआधी. तेवढ्यासाठी कोणी पुण्याची गाडी नाशिकला आणू नये.

त्यापेक्षा इंजिनाकडे बघा. वॅगनआरच दोन इंजिनांत येते, ९९८ सीसी आणि ११९७ सीसी. पहिलीला थर्ड पार्टी २,०९४, दुसरीला ३,४१६. दरवर्षी जीएसटी धरून दीड हजाराचा फरक. नवीन एक लिटर टर्बो इंजिनाच्या गाड्यासुद्धा १,००० च्या आत बसतात, ताकद जास्त असली तरी. गाडी अजून ठरली नसेल तर आरसीवरचा सीसीचा आकडा बघूनच ठरवा.

द्राक्षबाग_निफाड

चुलत्यांच्या बाजूने बोलतो. आमच्याकडे २०११ ची गाडी आहे, बागेत आणि पिंपळगावच्या मार्केटला जाण्यापुरती. तिची आयडीव्ही आता एवढी खाली आलीय की वर्षाला ओन डॅमेजला घालायचे ते पैसे मी डेंटिंगवाल्याला दिलेले परवडतात. थर्ड पार्टी मात्र एक दिवसही चुकू देत नाही. गाडी जुनी असेल आणि उभी राहिली तरी घर अडणार नसेल, तर थर्ड पार्टीवर भागतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

पाहणीवाला

मी विमा सर्व्हेअर आहे, क्लेमच्या गाड्यांचं नुकसान तपासतो, रोज गॅरेजमध्ये उभा असतो, म्हणून आकड्यात सांगतो. दादा, तुमच्या २०११ च्या गाडीसाठी तुमचा हिशोब बरोबर आहे. या मुलाच्या गाडीची गोष्ट वेगळी. साडेतीन-चार लाखांची गाडी आहे, चालवणारा नवीन आहे आणि त्याला कसारा घाट उतरायचाय. एखाद्या रात्री द्वारकेच्या सर्कलला ट्रकने कडेने घासत नेलं तर लाखाचं बिल सहज होतं. तेवढे पैसे खिशातून काढता येणार नसतील तर ओन डॅमेज घ्यावा.

आता क्लेममध्ये नेमकं काय मिळतं ते. समजा २०१९ च्या गाडीची पुढून धडक झाली. बंपर ५,०००, एक हेडलाइट ८,०००, बॉनेट ९,०००, पेंटिंग ८,०००, मजुरी ४,०००. जीएसटी बाजूला ठेवू, बिल झालं ३४,०००. झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिक-रबरच्या भागावर ५० टक्के घसारा, म्हणजे बंपरचे अडीच हजार आणि हेडलाइटचे चार हजार गेले. पत्र्याच्या भागावर घसारा गाडीच्या वयाप्रमाणे. पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के, म्हणजे बॉनेटचे ३,६०० गेले. पेंटिंगच्या बिलातला चौथा हिस्सा रंगाच्या मालाचा धरतात आणि त्याच्यावर निम्मा घसारा, म्हणजे हजार. मजुरी पूर्ण मिळते. काच फुटली असती तर तिच्यावर घसारा शून्य. शेवटी सक्तीची वजावट, १,५०० सीसीपर्यंत एक हजार. एकूण १२,१०० तुमचे, २१,९०० कंपनीचे.

झिरो डेप असेल तर हा बराचसा घसारा कंपनी सोसते. पण पाच वर्षांवरच्या गाडीला बऱ्याच कंपन्या तो देत नाहीत, काही सात वर्षांपर्यंत देतात, आणि त्याचे पैसे चांगलेच घेतात. सिडकोकर, तुझ्या शोरूमच्या कोटेशनमध्ये तो आहे का बघ. त्याशिवाय १७,३०० होणार नाहीत.

सिडकोकर_२३

बघितलं. शोरूमच्या कागदावर आयडीव्ही ३,९०,०००, झिरो डेप, कन्झ्युमेबल्स, चावी हरवल्याचं कव्हर, रोडसाइड असिस्टन्स आणि १५ लाखांचं पर्सनल अॅक्सिडेंट असं सगळं आहे. वेबसाइटवरच्या ६,२५० मध्ये आयडीव्ही २,८०,०००, बाकी काही नाही, आणि "नो क्लेम बोनस ५० टक्के" असं हिरव्या अक्षरात. नंबर टाकल्यावर ते आपोआप आलं. विकणाऱ्या काकांनी कधी क्लेम घेतलेला नाही, त्यामुळे बरोबर असेल ना?

पेठरोड

बरोबर नाही! हीच जागा आहे जिथे नवीन मुलं फसतात.

नो क्लेम बोनस (एनसीबी), म्हणजे क्लेम न घेतल्याची सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. काकांनी वर्षानुवर्षं क्लेम घेतला नाही, त्याचं फळ काकांचं. ते एनसीबीचा दाखला घेऊन आपल्या पुढच्या गाडीला ती सूट लावतील. तू गाडीचा मालक झालास की तुझा एनसीबी शून्य. पुढे एकेक वर्ष क्लेमविना गेलं की २०, २५, ३५, ४५ आणि मग ५० टक्के. आणि ही सूट फक्त ओन डॅमेजवर, थर्ड पार्टीवर नाही.

वेबसाइटवर मालकी बदलली आहे का असा प्रश्न असतो, कधी तो खाली बारीक अक्षरात असतो. तिथे "हो" केलंस की सूट जाते. न करता तसाच पैसे भरलेस तर तू खोटं निवेदन दिल्यासारखं होतं. ते खोटं निघालं तर ओन डॅमेजचे सगळे लाभ जप्त, हे प्रपोजलवरच्या निवेदनात लिहिलेलं असतं. कंपनी प्रीमियम घेताना फारसं तपासत नाही, क्लेमच्या वेळी मात्र मागच्या कंपनीला ईमेल जातो. अडीच हजार वाचवायला जाऊन आख्खी गाडी उघड्यावर.

पाहणीवाला

याला दुजोरा. एनसीबीच्या घोळाचे क्लेम माझ्यासमोर येतात, तेव्हा समोर बहुतेक वेळा पंचविशीतलाच मुलगा असतो. त्याला कोणी हे सांगितलेलंच नसतं. फार वाईट वाटतं.

जुनंनाशिक

वकिली करते, मोटार अपघात दाव्यांची कामं बघते, म्हणून पप्पांच्या नावावर गाडी घेण्याबद्दल लिहिते.

पप्पांच्या नावावर गाडी घेतली तर त्यांचा जुना एनसीबी या गाडीला लावता येतो, अट एवढीच की त्यांच्याकडे दाखला असावा आणि तो तीन वर्षांच्या आतला असावा. हे कायदेशीर आहे, लपवाछपवी नाही. पण मग आरसी, आरटीओची कागदपत्रं, पॉलिसी, पुढची विक्री सगळं त्यांच्या नावावर. पुढे तू स्वतःची गाडी घेशील तेव्हा शून्यापासूनच सुरुवात, कारण इतकी वर्षं बोनस त्यांच्या खात्यात जमा होत राहिला.

त्याहून मोठी गोष्ट कोणी बोलत नाही. पॉलिसीतलं १५ लाखांचं पर्सनल अॅक्सिडेंट कव्हर "ओनर-ड्रायव्हर"चं असतं, म्हणजे ज्याच्या नावावर गाडी त्याचं, आणि त्याच्याकडे लायसन असेल तरच. गाडी पप्पांची आणि चालवताना अपघात तुला झाला, तर त्या १५ लाखांतला रुपयाही तुझ्या घरी येत नाही. आईच्या नावावर गाडी, आईकडे लायसन नाही, चालवतो मुलगा, अशी घरं नाशिकमध्ये गल्लोगल्ली आहेत. तुला पप्पांच्याच नावावर घ्यायची असेल तर स्वतःची वेगळी अपघात विमा पॉलिसी काढ, आणि गाडीत बसणाऱ्यांसाठी अनामिक प्रवाशांचं कव्हर थोड्या पैशांत मिळतं तेही घे.

गाडी तुझ्या नावावर घेतलीस तर उलट पैसे वाचतील. तुझ्या बाइकच्या पॉलिसीत १५ लाखांचं ओनर-ड्रायव्हर कव्हर चालू आहे का बघ. असेल तर कारसाठी पुन्हा घ्यायची सक्ती नाही. एकच कव्हर तुझ्या सगळ्या गाड्यांना पुरतं.

द्राक्षबाग_निफाड

वकीलताई, थर्ड पार्टी नसली तर नेमकं काय होतं तेही लिहा. आमच्याकडे पोरं दंडालाच घाबरतात, बाकी काही माहीत नसतं.

जुनंनाशिक

दंड पहिल्या वेळी २,००० रुपये, पुन्हा सापडलात तर ४,०००, सोबत तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद. दंड ही सगळ्यात छोटी गोष्ट आहे.

समजा आपल्या गाडीखाली २४ वर्षांचा कमावता मुलगा गेला, पगार महिना २०,०००. न्यायाधिकरण नुकसानभरपाई काढताना वार्षिक उत्पन्न घेतं आणि त्या वयाला १८ ने गुणतं. दोन लाख चाळीस हजार गुणिले अठरा म्हणजे ४३ लाख २० हजार. त्यात भविष्यातली पगारवाढ मिळवतात आणि त्याचा स्वतःचा खर्च वजा करतात, त्यामुळे अंतिम आकडा हलतो, पण रक्कम लाखांतच राहते. पॉलिसी असेल तर ती कंपनी देते. जीवितहानी आणि दुखापतीसाठी तिथे रकमेची मर्यादा नाही, दुसऱ्याच्या मालमत्तेला साडेसात लाखांपर्यंत. पॉलिसी नसेल तर ही रक्कम मालकाच्या घरावर, शेतावर बसते. आणि चालवणाऱ्याकडे लायसन नसेल तर न्यायालय बहुतेक वेळा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणून कोणा मित्राच्या हातात चावी देताना त्याचं लायसन बघायला लाजू नका.

सातपूर_शिफ्ट

सिडकोकर, माझी एक सूचना. शनिवार-रविवार शिर्डीची भाडी मिळतात. दोन-तीन फेऱ्यांत प्रीमियम निघून जाईल. माझे दोन मित्र करतात.

जुनंनाशिक

कृपा करून करू नका, आणि मित्रांनाही सांगा. पांढऱ्या नंबरप्लेटच्या खाजगी गाडीची पॉलिसी भाड्याच्या वापराला लागूच होत नाही. अपघात झाल्यावर पोलिसांच्या जबाबात मागे बसलेला प्रवासी सहज सांगून जातो की एवढे पैसे ठरले होते. त्या एका वाक्यावर ओन डॅमेजचा क्लेम जातो, आणि जखमी प्रवाशाच्या दाव्याचं ओझं मालकावर येऊ शकतं. पिवळी पाटी, परमिट आणि व्यावसायिक पॉलिसी करूनच हा धंदा करावा.

सातपूर_शिफ्ट

हे माहीत नव्हतं. त्यांना हा धागा पाठवतो.

गोदाकाठची

पावसाळ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर आठवत असेल, गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती पार बुडाला होता. गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या काठी, लावलेल्या गाड्या दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या अडकतातच. पुराचं नुकसान ओन डॅमेजमध्ये येतं, थर्ड पार्टीत येत नाही. पण आतली खोच बघा: गाडी पाण्यात असताना किंवा नुकतीच बाहेर काढल्यावर कोणी चावी फिरवली आणि पाणी इंजिनात ओढलं जाऊन इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत कंपनी ते देत नाही, कारण ते पुरामुळे नाही, चालू केल्यामुळे झालं असं धरतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं तेव्हा शेजाऱ्यांनी गाडीला हातच लावला नाही, बॅटरीची वायर काढली, फोटो काढले आणि सरळ क्रेन बोलावली. त्यांचा क्लेम सुरळीत झाला.

सिडकोत उंचावर राहणाऱ्याला इंजिन प्रोटेक्टची फार गरज नाही. पंचवटीत किंवा नदीलगत गाडी उभी राहत असेल तर नक्की घ्या.

इंदिरानगरची_आई

माझी मुलगी १९ ची आहे, आता लर्निंग निघालंय. घरच्या गाडीवर शिकवायचं म्हणतोय. शिकताना कुठे घासली तर विमा चालतो का? की आधी पक्कं लायसन लागतं?

पेठरोड

ताई, चालतो, पण नियम पाळून. लर्निंग लायसन चालू असावं, शेजारच्या सीटवर पक्कं लायसन असलेली व्यक्ती बसलेली असावी आणि गाडीला पुढे-मागे लाल अक्षरातला "एल" लावलेला असावा. पॉलिसीतल्या ड्रायव्हरच्या अटीत शिकाऊ लायसनचा उल्लेख असतोच, केंद्रीय मोटार वाहन नियम ३ चा हवाला देऊन. मुलगी एकटीच चालवायला गेली तर मात्र क्लेम नाही. आणि १८ च्या आतल्या मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला २५,००० दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ते तर सोडाच.

इंदिरानगरची_आई

धन्यवाद. "एल" लावला नव्हता, आज लावते.

सातपूर_शिफ्ट

व्हॉलंटरी डिडक्टिबल घेतलं तर प्रीमियम कमी होतो म्हणे. १५,००० चं घ्यावं का?

पाहणीवाला

नवीन ड्रायव्हरने एवढं मोठं मुळीच घेऊ नये. जुन्या टॅरिफप्रमाणे १५,००० स्वतः सोसायची तयारी दाखवली तर ओन डॅमेजवर ३५ टक्के सूट, पण जास्तीत जास्त २,५००. कंपन्या आता आपापले आकडे लावतात, पण प्रमाण साधारण असंच. अडीच हजार वाचवायला प्रत्येक अपघातात पंधरा हजार सोसायचे, आणि पहिल्या एक-दोन वर्षांतच अपघाताची शक्यता सगळ्यात जास्त.

गोदाकाठची

१५,००० चं नको हे पटतं, पण २,५०० चं घ्यायला माझी हरकत नाही. त्याला २० टक्के, जास्तीत जास्त ७५० सूट होती. बंपरला ओरखडा आला म्हणून अडीच-तीन हजारांचा क्लेम तसाही कोणी शहाणा करणार नाही, कारण त्याने एनसीबी शून्यावर येतो. मग जी रक्कम आपण मागणारच नाही, ती सोडून सूट का घेऊ नये?

पाहणीवाला

हिशोब म्हणून मान्य. माझी अडचण एवढीच की लोक मोठ्या अपघातात हे विसरतात आणि गॅरेजमध्ये माझ्याशी भांडतात. ज्याला लक्षात राहील त्याने घ्यावं.

पेठरोड

एक पर्याय राहिला. सिडकोकर म्हणतो गाडी सुट्टीलाच निघणार. २०२२ च्या जुलैपासून विमा नियामक आयआरडीएआयने "जेवढं चालवाल तेवढं भरा" या प्रकाराला परवानगी दिली आहे. काही कंपन्या वर्षाच्या किलोमीटरचा टप्पा निवडायला देतात आणि ओन डॅमेजवर सूट देतात. पॉलिसी घेताना मीटरचा फोटो द्यावा लागतो. टप्पा ओलांडायच्या आधी वाढवून घ्यायचा. सिडको ते देवळा जाऊन-येऊन दीड-पावणेदोनशे किलोमीटर होतात, महिन्यातून एकदा गेलं तरी वर्षाला दोन हजार. वर मुंबईच्या फेऱ्या धरून टप्पा निवड. अगदी काठावरचा घेऊ नको. तू रोज नोकरीवर गाडी न्यायला लागलास की हिशोब फिरतो.

सिडकोकर_२३

पेठरोड काका, सगळ्यांचेच मनापासून आभार. गाडी माझ्याच नावावर घेतोय. पप्पांना वकीलताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, त्यांना लगेच पटलं. बाइकच्या पॉलिसीत १५ लाखांचं कव्हर आहे, म्हणजे ते पुन्हा घेत नाही. आयडीव्ही ३,५०,००० ठेवून आणि एनसीबी शून्य करून त्याच वेबसाइटवर बघितलं तर झिरो डेपशिवाय, जीएसटीसकट साधारण ९,६०० येतायत. एका सरकारी कंपनीच्या एजंटकडून अजून एक कोटेशन मागवलंय.

आता शेवटचे दोन प्रश्न. गाडी विकणाऱ्या काकांच्या पॉलिसीचे अजून पाच महिने बाकी आहेत. ती माझ्या नावावर करता येते का, की नवीनच घ्यावी? आणि पुढच्या वर्षी सीएनजी किट बसवायचा विचार आहे, ते आत्ताच सांगावं का?

पेठरोड

सीएनजी आत्ता सांगायचं कारण नाही. बसवशील तेव्हा मान्यताप्राप्त ठिकाणी बसव, आरटीओत आरसीवर नोंद करून घे आणि मग पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद. किटच्या किमतीच्या ४ टक्के ओन डॅमेजला आणि थर्ड पार्टीला ६० रुपये, असा जुना हिशोब आहे. ते थोडे पैसे वाचवायला किट लपवणारे आहेत, त्यांच्या गाडीने पेट घेतला तर क्लेम अडकतो.

काकांची पॉलिसी तुझ्या नावावर होते. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या झाल्या, व्यवहार झाला की त्या तारखेपासून १४ दिवसांच्या आत विमा कंपनीकडे अर्ज द्यायचा. थर्ड पार्टी कायद्याने आपोआप तुझ्या नावावर आल्याची मानली जाते, ओन डॅमेज मात्र अर्ज केल्याशिवाय येत नाही. १४ दिवस उलटले आणि गाडी ठोकली तर कंपनी हात वर करते. नावबदलाची फी किरकोळ आहे, पण काकांना मिळालेली एनसीबीची सूट उरलेल्या पाच महिन्यांपुरती तुला भरावी लागेल. तेवढं भरून पाच महिने काढायचे की ती पॉलिसी रद्द करून नवीन घ्यायची, ते दोन्ही आकडे समोर ठेवून ठरव. माझा कल नाव बदलून घेण्याकडे आहे, कारण गाडीची नव्याने तपासणी टळू शकते आणि पाच महिन्यांत तू गाडी किती चालवतोस तेही कळेल.

सिडकोकर_२३

आणि १४ दिवसांत आरसी माझ्या नावावर होऊन आली नाही तर?

पेठरोड

पेठ रोडच्या आरटीओत फाइल जमा झाल्याची पावती आणि फॉर्म २९, ३० च्या प्रती जोडून अर्ज वेळेत दे, पोहोच घे. आरसी आली की तिची प्रत मागून द्यायची. अर्ज ईमेलनेही कर, म्हणजे तारीख लेखी राहते. आणि काकांना सांग, एनसीबीचा दाखला त्यांनी त्याच वेळी मागून घ्यावा.

जुनंनाशिक

कंपनीने नावबदल रखडवला किंवा क्लेमच्या वेळी कारण न देता टोलवलं, तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, मग आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर. तिथेही जमलं नाही तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते, फी नाही आणि वकील लागत नाही. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.